मूठभर इस्फंद

दुकानाच्या उंबऱ्यात पाय ठेवला आणि मी शिंकले. एकदाच.

“सब्र आली,” गिरणीच्या घरघरीमागून आवाज आला. “आता दोन मिनिटं थांबा, खानम. एका शिंकेवर कुठलंही काम सुरू करायचं नसतं.”

“शिंक कसली... तुमची मिरी नाकात गेली!”

“मिरी नाही, सुंठ.” गिरणी थांबली. पिवळ्या धुळीतून एक चेहरा वर आला. भुवयांवर सुंठ, पापण्यांवर सुंठ, आणि त्या सगळ्यात दोन हसरे डोळे. “आणि सुंठेनं आली म्हणून काय झालं? सब्र ती सब्र.”

“मला घाई आहे.”

“मग आणखी एकदा शिंका. दुसरी आली की सब्र सुटली. मग उलट लगेच कामाला लागायचं.”

मी नाक चोळलं. बाजाराच्या घुमटातल्या झरोक्याकडे, तिथून सांडणाऱ्या उन्हाकडे, डोळे बारीक करून बघितलं. छे... हवी तेव्हा थोडीच येते! तो हनुवटीखाली हात घेऊन बघत होता, जणू त्याला दिवसभर दुसरं कामच नव्हतं. शेजारच्या गल्लीत तांबटांच्या हातोड्या ठक-ठक करत होत्या, आणि का कोण जाणे, मला त्या माझ्याच छातीत वाजल्यासारख्या वाटल्या.

“झाली दोन मिनिटं,” मी म्हणाले. “अर्धा किलो कल्पूरे द्या. दळून.”

“अर्धा किलो? एवढं कुणाचं पोट दुखतंय? चिमूटभर उकळून प्यायलं तरी दोन दिवस तोंड कडू राहतं.”

“पिणार कुणी नाही. पेशींना घालायचंय. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी... प्रयोगशाळेत वाढवते मी.”

त्याच्या हातातला मापाचा डबा तसाच राहिला. “वाढवता? म्हणजे पाळता?”

“पाळतेच म्हणा ना. एक दिवसाआड खाऊ घालायचं. ऊब आपल्या अंगाएवढीच, जरा कमी नको की जास्त नको. सुट्टीच्या दिवशीही जावं लागतं.”

“आणि मग त्यांना कल्पूरे पाजून मारायचं? आई आहात की सावत्र आई?”

मला हसू आलं. खरं तर मी कुणाला समजावत बसत नाही. घरी आईसुद्धा ‘मेहरनूश औषधाचं शिकते’ एवढंच सांगते. पण त्या दिवशी मी काउंटरला टेकले आणि बोलतच सुटले.

“आपल्या अंगातल्या पेशीला आपली वेळ झाली की कळतं. ती आपली आपण आवरतं घेते. गाठोडं बांधते, शेजाऱ्याला धक्का न लावता निघून जाते. या पेशी जायचंच विसरल्यात. बसल्या त्या बसल्याच, वर वाढतच राहतात. एखादी वनस्पती त्यांना जायची आठवण करून देते का, तेवढंच मला बघायचंय.”

“म्हणजे माझी आत्या,” तो गंभीरपणे म्हणाला. “तीनदा चहा झाला, फळं झाली, चपला दाराकडे वळवून ठेवल्या, तरी उठत नाही. तिच्यावर काही निघालं तर आधी मला कळवा.”

त्याचं नाव पेमान. दुकान त्याच्या वडिलांचं, हाजींचं. ते आत गोणीला टेकून डुलक्या घेत होते. आमच्या विभागाची दळायची गिरणी महिनाभर बंद होती, म्हणून तर मी करमानच्या या जुन्या बाजारात आले होते. कल्पूरेची एक अख्खी काडी, फुलासकट, मी बाजूला काढून घेतली. विद्यापीठाच्या वनस्पतीसंग्रहात तिची ओळख पटवून घ्यायला लागते. बाकीचं त्यानं दळून, पुडी बांधून, दोन्ही हातांनी पुढे केलं.

“तुमच्यासमोर ही काही चीजच नाही,” तो म्हणाला. सगळेच दुकानदार म्हणतात. पण सगळे म्हणताना असे कानापर्यंत लाल होत नाहीत...

दहा दिवसांनी मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि श्वास घ्यायला विसरले.

एरवी माझ्या पेशी म्हणजे गोल, तुकतुकीत मोती. त्या दिवशी ते मोती आकसले होते. त्यांच्या अंगावर फुगे आले होते, आणि कित्येक तर पिकल्या तुतीसारखे दाणेदार होऊन सुटे होत होते. फुटून नाही, नीटनेटकं, आवरून! रंग घालून दिव्याखाली पाहिलं. फुटून मेलेल्या पेशी लाल दिसतात, रीतसर निघालेल्या हिरव्या. माझ्यापुढे हिरवंगार शेत!

मी अंगरखा खुंटीला लावला, की लावायलाही विसरले, आठवत नाही. टॅक्सी केली आणि थेट बाजारात. धापा टाकत उंबऱ्यात उभी राहिले तेव्हा कुठे मनात आलं, की मी इथे का आले? आईला फोन नाही, मैत्रिणीला नाही... इथेच का?

“गेल्या!” मी ओरडले. “पाहुण्या गेल्या!”

पेमाननं काउंटरवरून जवळजवळ उडीच मारली. “आत्यासकट?”

त्यानं त्या दिवशी अख्ख्या गल्लीला कव्वातू वाटलं. त्याच्याच गिरणीवर दळलेलं, कुठल्या कुठल्या बियांचं ते गोड पीठ. माझ्या हातावर दोन चमचे जास्त पडले. मी तोंडात टाकलं आणि बोलायला गेले तर पीठ उडालं, त्याच्या भुवयांवर. तो पुसायचंही विसरला.

“कुणाला सांगू नका हं,” मी म्हणाले. “बशीत पेशी मरणं वेगळं आणि माणूस बरा होणं वेगळं. बशीत व्हिनेगर ओतलं तरी पेशी मरतात.”

“माझ्या गिरणीचं पीठ गेलंय त्यात, आणि मी सांगू नको?”

“नको.”

“बरं,” तो म्हणाला. मग हळूच, “पण तुम्ही येऊन सांगत जा. मला एकट्याला.”

मी जात राहिले. कधी बडीशेप संपली म्हणून, कधी आईला जिरं हवं म्हणून. आमच्या घरात त्या उन्हाळ्यात एवढं जिरं साठलं, की आईनं एकदा डब्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. गेलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, “पोरं कशी आहेत?” आणि मी सांगायची. जेवली, झोपली, आज जरा किरकिर करतायत. कधी आमची बोटं पुडीच्या दोऱ्यावर एकमेकांना लागायची. मग गाठ मारायला उगाच वेळ लागायचा.

शरद जवळ आला. प्रयोग पहिल्यापासून पुन्हा करायचा होता, एकदा झालं ते काही खरं धरत नाहीत. मी नवी पुडी आणायला गेले तर पेमान बमला गेलेला, मावशीच्या बागेत खजुराच्या उतरणीला. हाजींनीच त्याच गोणीतलं कल्पूरे काढलं, त्याच गिरणीवर दळलं, बांधून दिलं.

आणि पेशींना ढिम्म काही झालं नाही.

एकदा नाही, दोनदा नाही... तीनदा! उलट जरा जास्तच गुबगुबीत झाल्या. मी चार रात्री नीट जेवले नाही. पेमान परतला, मी नवी पुडी आणली, आणि पुन्हा तुती, पुन्हा हिरवं शेत!

माझ्या मार्गदर्शक डॉक्टर सालारी. पांढरे केस, दोरीला लटकलेला चष्मा, आणि वाक्य असं धारदार की उडता कापूस कापला जावा. त्यांनी माझी नोंदवही पुढे ओढली. प्रबंधाच्या जाहीर परीक्षेला दोन महिने उरले होते, आणि सगळं काम या एका झुडपावर उभं होतं.

“डोंगर तोच?”

“हो.”

“गोणी? गिरणी?”

“त्याच.”

“मग बदललं काय?”

मी खाली मान घालून म्हटलं, “दळणारा.”

त्यांनी चष्मा काढला. “त्या मुलाच्या हातात विष आहे की काय?” मग एक बोट नोंदवहीवर टेकवलं. “काडीची ओळख तू संग्रहात जाऊन पटवलीस. पुडीची कुणी पटवली?”

कुणीच नाही. पुडी बाजारात दळली, हे मी नोंदवहीत लिहिलंसुद्धा नव्हतं.

त्याच दुपारी गेले. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. आमच्याकडे पाऊस म्हणजे पाहुणाच, घुमटाखाली सगळे झरोक्याकडे माना करून उभे होते. पेमान मला बघून उजळला. “या, या! पोरं कशी आहेत?”

“थोडं कल्पूरे दळून द्या,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच परका वाटला. “मी थांबते.”

“मग चहा घ्या ना तोवर. तिकडे, कोपऱ्यात.”

मी कोपऱ्याकडे वळले. समोवाराशेजारी तांब्याचं घासलेलं ताट टेकवून ठेवलं होतं, आरशासारखं. त्यात मला त्याची पाठ दिसली. त्याचा हात काउंटरखाली गेला... एक डबा उघडला... आणि मूठभर काहीतरी गिरणीच्या तोंडात पडलं.

“ते काय होतं?”

तो असा दचकला की डबा लवंडला. काउंटरभर काळपट तपकिरी दाणे पसरले. इस्फंद! घराघरात निखाऱ्यावर टाकून, तडतडला की धूर डोक्यावरून फिरवून, दृष्ट काढतात तो इस्फंद.

“प्रत्येक वेळी?” मी विचारलं.

“प्रत्येक वेळी,” तो पुटपुटला. “पहिल्यांदा तुम्ही आलात, शिंकलात, आणि निघालातही मोठ्या कामाला... आणि ते डोळे चमकवत बोलणं... मला वाटलं, हिला नक्की कुणाची तरी नजर लागणार. आई कुणी कामाला निघालं की पुडीत चार दाणे टाकायची. माझ्या हातून... जरा जास्त पडले. पिणार कुणी नाही म्हणालात म्हणून तर टाकले. पिणार असतं तर इस्फंद मी टाकला असता होय? मला कळतं तेवढं.”

“तुला काय कळतं?” माझा आवाज घुमटाला जाऊन आपटला. “पेशी त्यानंच मरत होत्या! कल्पूरेनं नाहीच! इतके महिने... इतके महिने मी तुझी दृष्ट काढण्याची मूठ तपासतेय!”

तो पांढराफटक पडला. आणि तशातही, वेडा, अगदी हळू म्हणाला, “‘तू’ म्हणालात...”

मी पुडी तिथेच टाकून निघणार, एवढ्यात काळ्या चादरीतली एक बाई वाट अडवून उभी राहिली. आतून हाजींनी खाकरून सांगितलं, शेजारच्या तय्यबे खानम. नातू इस्पितळात आहे, त्याला रक्ताचाच...

“तूच ना ती मुलगी?” बाईंनी माझा हात धरला. त्यांची बोटं गार होती. “कल्पूरेनं हा आजार जातो म्हणे. पोराला उकळून देऊ का, बाळा? तिथली औषधं पोटात ठरत नाहीत त्याच्या. ती थांबवते, आणि हेच देते.”

मी पेमानकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले. त्या कव्वातूच्या दिवशी, आनंदाच्या भरात, एवढ्या एकीला तो बोलून गेला होता.

“नाही, खानम,” मी म्हणाले. “इस्पितळातली औषधं थांबवू नका. माझं चुकलं होतं. कल्पूरेनं काही होत नाही.”

‘माझं चुकलं होतं’ — एकदा तोंडातून गेलं आणि कळलं, हे आता एका बाईला सांगून भागणार नाही. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं असतं? ‘दळण्याच्या पद्धतीतला फरक’ एवढं लिहून परीक्षा उरकली असती. पण उद्या कुणीतरी माझा प्रबंध वाचून आणखी कुणाला तरी कल्पूरे उकळून देईल... 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टर सालारींना सगळं सांगितलं. मुठीसकट.

त्या खिडकीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. रागानं हलताहेत असं मला वाटलं. मग कळलं, त्या हसतायत.

“एक सत्र वाढवून मिळेल,” चष्मा पुसत त्या म्हणाल्या. “दोन प्रकरणं फाडायची. कल्पूरे वेगळं, इस्फंद वेगळा, सगळं मुळापासून. आणि निरोगी रक्ताच्या पेशींवरही. रडायचं असेल तर आत्ता रड, नंतर वेळ मिळणार नाही.”

मी रडले. मग डोळे पुसून पेशींना खाऊ घातलं.

चौथ्या दिवशी फाटकावरच्या रखवालदाराचा फोन आला. एक तरुण एक खोकं घेऊन उभा आहे, आत सोडू का? मी खाली गेले. पेमान होता. दाढी वाढलेली, नवीन सदरा. खोक्यात कल्पूरेची अख्खी झुडपं, मुळांसकट, प्रत्येक वेगळ्या कापडात. दुसऱ्या खणात इस्फंद, तोही अख्खा, बोंडांसकट. प्रत्येकावर चिठ्ठी: कुठला डोंगर, कुठला दिवस, कुणी उपटलं. गिचमिड अक्षर, पण एकही रकाना मोकळा नाही.

“हात धुऊन बांधलंय,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “तपासून घ्या. काही टाकलेलं नाही. एवढंसुद्धा नाही.” मग थांबून... “वाटलं होतं. पण नाही टाकलं.”

मला हसायचं नव्हतं. देवाशप्पथ, नव्हतं.

“तय्यबे खानमचा नातू?” मी विचारलं.

“औषधं चालू आहेत. मी रोज इस्पितळात जाऊन विचारतो. काल त्यानं अर्धी वाटी आश खाल्ली.” आता त्यानं वर बघितलं. “पोरं कशी आहेत?”

“त्यांनाही भूक लागलीये,” मी म्हणाले, आणि खोकं त्याच्या हातातून घेताना गाठ कुठेच नव्हती, तरी वेळ लागला.

निकाल आले तसे आले. निव्वळ कल्पूरे: पेशी मजेत. निव्वळ इस्फंद: तुती. पण इस्फंदाचं हे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, त्यात माझं नवीन काही नाही. आणि माझ्या बश्यांमध्ये तेवढ्याच इस्फंदानं निरोगी पेशीही गेल्या. पाहुण्यांबरोबर घरचीही माणसं बाहेर! म्हणजे औषध नाहीच. माझा प्रबंध निम्मा झाला. पण त्यातली ओळ न् ओळ खरी होती, आणि तो छातीशी धरून चालताना मला उड्या माराव्याशा वाटत होत्या.

वसंतात परीक्षा झाली. सभागृहात घरचे सगळे, मिठाई, फळांची ताटं, फुलं. आई पहिल्या रांगेत. शेवटच्या रांगेत हाजी, आणि त्यांच्याशेजारी कोट घालून अवघडलेला पेमान. मी न अडखळता सगळं सांगितलं. मग शिराझहून आलेले टकले परीक्षक पान उलटत थांबले.

“इथे लिहिलंय, ‘विक्रेत्यानं दळताना इस्फंदाच्या बिया मिसळल्याचं आढळलं.’ ठीक. पण उद्देश लिहिलेला नाही. वजन वाढवायला?”

“नाही, सर.”

“चुकून?”

“नाही... मुद्दाम.” माझे कान तापले. डॉक्टर सालारी छताकडे बघत होत्या. “नजर लागू नये म्हणून.”

“कुणाला? पेशींना?”

सभागृहात खसखस पिकली. मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. त्याचे कान तर माझ्यापेक्षा लाल.

“मला,” मी म्हणाले.

असा हशा उसळला की खिडक्या वाजल्या. परीक्षकांनी पेन उचललं. “उद्देश नोंदवा,” ते म्हणाले. “शास्त्रात काहीही मोकळं सोडू नये.”

बाहेर अंगणात मी पास होऊन आले तर हाजी दारातच उभे. हातात छोटी शेगडी, निखाऱ्यावर इस्फंद तडतडतोय, धुराचे लोट माझ्या डोक्याभोवती. “इथे टाकायचा असतो तो, गाढवा,” ते मुलाला म्हणत होते. “शेगडीत! गिरणीत नाही!”

पेमान धुरातून पुढे आला. हातात फुलं नव्हती. पुडी होती, लहानशी, दोऱ्यानं बांधलेली.

“यात काय टाकलंयस?” मी विचारलं.

“अंगठी आहे आईची. दुसरं काही नाही, तपासून घे.” त्यानं श्वास घेतला. “मेहरनूश, माझ्याशी—”

आणि मी शिंकले. एकदाच.

“सब्र!” हाजी ओरडले. “थांबा सगळे! कुणी काही बोलू नका!”

पेमानचं तोंड उघडंच राहिलं. माझी आई थांबली, डॉक्टर सालारी हातातल्या मिठाईसकट थांबल्या. धूर तेवढा वर जात होता. त्याच्या कपाळावर घामाचा एक थेंब, पापण्या मिटत नव्हत्या... मला तो पहिला दिवस आठवला, त्या पापण्यांवरची सुंठ. दोन मिनिटं! वर्षभर नाही का थांबलो आम्ही?

मी नाक चिमटीत धरलं, डोळे मिटले आणि जीव खाऊन म्हटलं, “हाऽऽक् छी!”

इतकी वाईट, इतकी धडधडीत, की फांदीवरची साळुंकी उडाली.

“सुटली सब्र,” मी म्हणाले. “हो. माझं उत्तर हो.”

पेमान हसला, रडला, दोन्ही एकदमच. मग पुडी माझ्या हातात ठेवत कानाशी वाकून म्हणाला, “ही दुसरी शिंक खोटी होती.”

“नोंदवून ठेव,” मी म्हणाले. “उद्देशासकट.”